रूळ मोडला म्हणून

खडेबाजारातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात पावसाळ्यात गेलं, की गटिंगला आलेल्या रॅकेटी खुंट्यांवर लटकलेल्या दिसतात. बेळगावचा पाऊस एकदा लागला की मातीच्या कोर्टावर शेवाळ धरतं. उघडीप मिळाली की आम्ही पोरं लोखंडी रूळ ओढायचो, दोघं पुढे आणि एक मागून ढकलायला. संध्याकाळी तळहाताला फोड. त्यामुळे विम्बल्डनची पहिली स्पर्धा एका रुळापायी झाली, असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते लगेच पटलं.

लंडनजवळच्या विम्बल्डनमध्ये वर्पल रोडवर १८६८ साली स्थापन झालेल्या क्रोके क्लबचं मैदान होतं. लाकडी हातोड्यानं चेंडू तारेच्या कमानीतून ढकलायचा हा संथ खेळ. हिरवळ दाबायचा, तट्टानं ओढायचा रूळ नादुरुस्त झाला, गंगाजळी आटली होती, तेव्हा टेनिसची स्पर्धा भरवून पैसे उभे करू, असं ठरल्याचं सांगतात. फी एक गिनी. नावं आली २२, सगळी पुरुषांची. बायकांना तिथं खेळायला १८८४ उजाडलं.

पहिल्या स्पर्धेपर्यंत टेनिसचं काही धड ठरलेलं नव्हतं. मेजर विंगफिल्डनं १८७४ मध्ये खोक्यात भरून विकायला काढलेल्या खेळाचं कोर्ट तर डमरूसारखं, मधे निमुळतं. क्लबच्या तिघांनी ते मोडीत काढून ७८ फूट लांब, २७ फूट रुंद असा सरळ चौकोन आखला. पंधरा, तीस, चाळीस ही मोजणी जुन्या दरबारी टेनिसवरून घेतली. एकेरीच्या कोर्टाचं माप आजही तेच आहे. जाळं मात्र झोळीसारखं लोंबायचं: खांबांपाशी पाच फूट, मधे सव्वातीन.

स्पर्धेत उतरलेल्या स्पेन्सर गोरनं ती झोळी बरोबर हेरली. उंच कडेवरून चेंडू मारणं अवघड, म्हणजे समोरचा मधूनच मारणार. मग जाळ्यापाशी जाऊन उभं राहायचं आणि टप्पा पडायच्या आत चेंडू परतवायचा. पावसानं तीन दिवस लांबलेला अंतिम सामना १९ जुलै १८७७ ला ओल्या गवतावर झाला. शिलिंग मोजून आलेल्या सुमारे दोनशे लोकांसमोर विल्यम मार्शल गोरकडून ६-१, ६-२, ६-४ असा हरला.

त्याच जुलैत आपल्याकडे पावसाची वाट बघून डोळे शिणले होते. १८७६ चा पावसाळा कोरडा गेला होता. बेळगाव, धारवाड, कलादगी दुष्काळात होते आणि माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. या दोन गोष्टी एका पानावर मांडणं काहींना ओढूनताणून वाटेल. पण व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तेही त्याच वर्षी, १ जानेवारीला. राज्य एकच होतं.

मला मात्र गोरपेक्षा त्या स्पर्धेचा पंच हेन्री जोन्स जास्त आवडतो. पत्त्यांच्या डावांचा हा जाणकार स्पर्धेनंतर आकडे घेऊन बसला. ६०१ गेमपैकी ३७६ सर्व्हिस करणाऱ्यानं जिंकलेले. म्हणजे सर्व्हिसला फारच झुकतं माप. दुसऱ्या वर्षी सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून २६ फुटांवरून २२ वर आणली आणि जाळंही खाली उतरवलं.

त्या दुसऱ्या वर्षी गोरसमोर उभा राहिला फ्रँक हॅडो, सिलोनचा मळेवाला, सुट्टीवर घरी आलेला. गोर जाळ्याशी आला की हा चेंडू उंच उडवून त्याच्या डोक्यावरून मागे टाकायचा. गोर उलटा पळायचा. ७-५, ६-१, ९-७. संपूर्ण स्पर्धेत एकही सेट न हरलेला हॅडो मळ्यावर परत गेला तो पुन्हा स्पर्धेत उतरलाच नाही. १९२६ मध्ये सुवर्णमहोत्सवात जुन्या विजेत्यांना पदकं दिली, तेव्हा तो म्हातारा हजर होता. क्लब चार वर्षांपूर्वीच चर्च रोडला हलला होता. तो जिंकला होता ते गवत वर्पल रोडलाच राहिलं.