पाय व पोटरी झाकणाऱ्या वस्तूंची मध्ययुगीन नावे

मध्ययुगीन कागदपत्रांत ‘मोजा’ हा शब्द आढळला की वाचक त्याचा आजचा अर्थ सहज गृहीत धरतो. आज मोजा म्हणजे जोड्याच्या आत घालावयाचे विणलेले वस्त्र. परंतु ज्या फारसीतून हा शब्द मराठीत आला, त्या भाषेत ‘मोझा’ म्हणजे पोटरीपर्यंत येणारा कातडी जोडा. अर्थातील हा भेद लक्षात न घेतल्यास जुन्या काळच्या घोडेस्वाराच्या पोशाखाचे चित्रच चुकण्याचा संभव असतो. म्हणून पाय आणि पोटरी झाकणाऱ्या वस्तूंची नावे एकत्र तपासणे अगत्याचे ठरते.

या दृष्टीने पाचोडच्या आसपासचा प्रदेश अर्थपूर्ण आहे. पैठण तालुक्यातील या गावाच्या पश्चिमेस प्रतिष्ठान ऊर्फ पैठण ही सातवाहनांची नगरी आहे, तर वायव्येस देवगिरी. १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविली. त्यानंतर बहामनी, निजामशाही व मोगल अशा फारसी दरबारी परंपरेच्या सत्ता येथे क्रमाने नांदल्या. प्राकृतोद्भव आणि फारसी असे शब्दांचे दोन थर या भूमीत एकमेकांवर बसले.

पहिल्या थरातील प्रमुख शब्द ‘वहाण’ होय. संस्कृत ‘उपानह्’ यातील न आणि ह यांचा वर्णविपर्यय होऊन पालीत ‘उपाहना’ झाले. त्याच मार्गाने आद्य स्वर गळून व प चा व होऊन वाहाण, वहाण ही रूपे सिद्ध झाली. ‘पायतण’ हे पादत्राणाचे तद्भव रूप. ‘खडावा’ लाकडाच्या. ‘जोडा’ या नावात वस्तूपेक्षा तिच्या जोडीचा निर्देश आहे. हे सर्व शब्द घोट्याच्या खालच्या भागाशी निगडित आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

घोट्याच्या वर मात्र फारसी-अरबी शब्दांचे प्राबल्य दिसते. ‘विजार’ हा शब्द अरबी ‘इझार’वरून आला. मुळात त्याचा अर्थ कमरेस गुंडाळावयाचे न शिवलेले वस्त्र असा होता. मराठीत तो शिवलेल्या वस्त्राचा वाचक झाला. ‘सुरवार’ हे फारसी ‘शलवार’चे, तर ‘तुमान’ हे ‘तुंबान’चे रूप. ‘पायपोस’ व ‘पायजमा’ यांतील पूर्वपद मराठी वाटते. परंतु ते फारसी ‘पाय’ आहे. संस्कृत ‘पाद’ आणि फारसी ‘पाय’ यांचे मूळ एकच असल्यामुळे हे शब्द परके वाटत नाहीत, व म्हणूनच त्यांची व्युत्पत्ती लावताना फसगत होते.

या विभागणीचे एक कारण अश्वारोहणाच्या वेशात शोधता येते. खोगिरावर बसणाऱ्याची मांडी व पोटरी सतत घासली जाते; त्यांना शिवलेले वा कातडी आवरण लागते. घोडदळी राजवटींबरोबर हा वेश दरबारी प्रतिष्ठेस चढला आणि त्याची नावेही त्याच्यासोबत रुजली.

तथापि शब्द उसना, म्हणून वस्तूही नवी, असे अनुमान धोक्याचे आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सूर्यमूर्तीस उदीच्यवेष, म्हणजे पायांपासून छातीपर्यंत झाकलेला उत्तरेकडील पोशाख, सांगितला आहे. उत्तर भारतातील सूर्यमूर्तींच्या पायांत उंच जोडे दिसतात. दक्षिणेकडील मूर्ती सामान्यतः अनवाणी असतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर पायमोजे घातलेले परदेशी पुरुष चित्रित आहेत. जैन ‘बृहत्कल्पभाष्या’त तर ‘अर्धजंघा’ व ‘जंघा’ अशी पादत्राणांची नावे येतात. पहिले अर्धी पोटरी झाकणारे, दुसरे संपूर्ण. वस्तू परिचित होती. तिचे हे नाव मात्र मराठीत रूढ झाले नाही.

पायाच्या कवचाची स्थिती याहून निराळी आहे. संस्कृत कोशांत ‘जंघात्राण’ व ‘मत्कुण’ हे शब्द मिळतात. दुसऱ्याचा अधिक परिचित अर्थ ढेकूण असा आहे! अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तील शस्त्रांच्या यादीत ‘राक’ आणि ‘मोझा-ए-आहनी’, म्हणजे लोखंडी मोजा, ही नावे आहेत. येथे ‘मोजा’ हे विणलेले वस्त्र असणे शक्यच नाही. मराठीत चिलखत, बख्तर, जिरेटोप हे धड व मस्तक यांच्या संरक्षणाचे शब्द आजही सर्वपरिचित आहेत. पायाच्या कवचास मात्र तसा रूढ शब्द उरलेला नाही. वेगवान हालचालींवर भिस्त ठेवणाऱ्या मराठी घोडदळास जड पायकवच सोयीचे नव्हते, हे त्याचे एक कारण संभवते.

एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थने आपल्या कोशात ‘मोजा’ नोंदला तो पायमोज्याच्या अर्थाने. त्यापूर्वीच्या कागदांस तो अर्थ सरसकट लावणे उचित नव्हे. शब्दाच्या शेजारी घोडा व खोगीर आहे, चिलखत आहे की केवळ कापडांची यादी आहे, हे पाहूनच तेथे कातडे, लोखंड की सूत, याचा निर्णय केला पाहिजे.