छापल्याचं साल, वाचल्याचं साल

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांची अभिजात पुस्तकं दशकवार वाचायची, प्रत्येक दशकाचं निदान एक, असा संकल्प आमच्या वाचनगटाने केला. पहिल्या आवृत्तीचं साल पाहून यादी केली आणि वाचायला बसलो. वाचता वाचता दिसत गेलं, की यातल्या कितीतरी पुस्तकांना दोन सालं आहेत. एक छापल्याचं, दुसरं खऱ्या अर्थाने वाचलं गेल्याचं. दोहोंमध्ये कधी चाळीस वर्षं, तर कधी सव्वाशे. हे अंतर कसं पडलं आणि कोणी बुजवलं, ते कळल्याशिवाय ही दशकं समजत नाहीत.

फ्रेडरिक डग्लसचं आत्मकथन १८४५चं. लहानपणी बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि मालकाने ते बंद पाडलं. मग या मुलाने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरी देऊन त्यांच्याकडून अक्षरं मिळवली. पुस्तक लगेच गाजलं. पण मुखपृष्ठावर ‘स्वतः लिहिलेलं’ असं छापावं लागलं आणि आत दोन गोऱ्या गृहस्थांची शिफारस जोडावी लागली. नाव आणि ठिकाणं उघड झाल्यामुळे पकडलं जाण्याच्या भीतीने लेखकाला इंग्लंड-आयर्लंड गाठावं लागलं, ते वेगळंच.

निदान डग्लसचं लिखाण त्याचं म्हणून मान्य झालं. हॅरिएट जेकब्जच्या वाट्याला तेही आलं नाही. मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी ही बाई नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावी आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि उंचीला जास्तीत जास्त तीन फूट. तिथून फटीतून ती आपल्या मुलांना पाहायची, त्यांना हाक मारू शकत नव्हती. हे सगळं तिने १८६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध केलं. पुढे अभ्यासकांनी ते कादंबरीत जमा केलं. काहींनी तर संपादन करणाऱ्या गोऱ्या लेखिकेलाच त्याचं श्रेय दिलं. जीन फेगन येलिन या संशोधिकेने पत्रं आणि दप्तरं धुंडाळून हकिकतीचा तपशील पडताळला आणि १९८७ साली खऱ्या नावानिशी आवृत्ती आली. हॅरिएट विल्सनची ‘अवर निग’ ही कादंबरी १८५९ची; तीही १९८३ साली हेन्‍री लुई गेट्स यांनी पुन्हा छापून घेईपर्यंत जवळपास कोणाला ठाऊक नव्हती. दोघी बायका, हे लक्षात असू द्यावं.

विसाव्या शतकाच्या दारात डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचं ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३) उभं आहे. समाजशास्त्र, इतिहास, आठवणी, आणि बहुतेक प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीतांच्या सुरावटी. स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या मृत्यूवरचं प्रकरण वाचून आमच्या गटात बराच वेळ कोणी बोललं नाही. याच डू बॉइसना डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज गेला होता, त्याची प्रत त्यांनी मागितली होती आणि डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मराठी वाचकाला हे साहित्य परकं वाटण्याचं कारण नाही.

विसाच्या दशकातल्या हार्लेमबद्दल, न्यू यॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीबद्दल, पुष्कळ लिहिलं गेलं आहे. लँग्स्टन ह्यूजची कविता, जीन टूमरचं कथा-कविता-नाट्य एकत्र गुंफणारं ‘केन’ (१९२३), ही नावं प्रत्येक यादीत असतातच. मला थांबावंसं वाटतं ते नेला लार्सनच्या ‘पासिंग’पाशी (१९२९). गोरी म्हणून खपून जाणारी क्लेअर एका कट्टर वर्णद्वेष्ट्या गोऱ्याशी संसार करते आहे आणि त्याला काही पत्ता नाही. हे वाचताना बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आठवणारच. क्लेअरला कातडी झाकून घेते, बागुलांच्या नायकाला झाकायला फक्त मौन आहे. पण उघडं पडण्याची भीती दोन्हीकडे सारखीच दबा धरून बसलेली. लार्सनने १९३० नंतर काही प्रसिद्ध केलं नाही. पुढे ती न्यू यॉर्कमध्ये परिचारिकेची नोकरी करत राहिली आणि १९६४ साली गेली.

आणि झोरा नील हर्स्टन. ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ (१९३७) तिने हैतीत सात आठवड्यांत लिहून काढली. जेनी नावाच्या बाईची तीन लग्नं, तिची स्वतःची ओढ, आणि फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीय वस्तीतली ओसरीवर बसून रंगणारी बोली. रिचर्ड राइटने त्या वेळी तिच्यावर टीका केली. या कादंबरीला काही सांगायचंच नाही, असा त्याचा सूर होता. मला राइट मोठा लेखक वाटतो, पण इथे त्याचं चुकलं. गोऱ्यांशी झगडा नाही म्हणजे विषय नाही, ही समजूत तेव्हाही अपुरी होती. हर्स्टनची पुस्तकं बाजारातून गेली. १९६० साली ती गरिबीत वारली आणि तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९७३ साली लेखिका अ‍ॅलिस वॉकर फ्लोरिडात जाऊन गवत तुडवत ती जागा शोधून आली, दगड बसवला, त्यावर लेख लिहिला. १९७८ साली कादंबरी पुन्हा छापली गेली आणि मग विद्यापीठांत शिरली. गुलामांच्या शेवटच्या जहाजातून अमेरिकेत आणलेल्या कुजो लुईस यांच्या मुलाखतींवरचं ‘बराकून’ हर्स्टनने १९३१ साली पूर्ण केलं होतं. प्रकाशकाला त्यांची बोली नको होती, हर्स्टनने ती बदलायला नकार दिला. पुस्तक आलं २०१८ साली. हे कुठल्या दशकाचं धरायचं? आम्ही तिसाच्या दशकात धरलं आणि शेजारी दुसरं सालही लिहिलं.

राइटची ‘नेटिव्ह सन’ १९४०ची. शिकागोतल्या बिगर टॉमसच्या या कथेतले काही भाग एका मोठ्या पुस्तक मंडळाच्या आग्रहाखातर गाळावे लागले, ते १९९१मध्ये परत आले. त्याच दशकातली अ‍ॅन पेट्रीची ‘द स्ट्रीट’ (१९४६) मात्र माझ्या मते अधिक वाचली जायला हवी. हार्लेममधल्या ११६व्या रस्त्यावर ल्युटी जॉन्सन आठ वर्षांच्या मुलासह खोली भाड्याने घेते. तिचा कष्टांवर विश्वास आहे. पेट्री एकेक दार कसं बंद होत जातं ते दाखवते: भाडं, पगार, इमारतीच्या रखवालदाराची नजर. दहा लाखांहून अधिक प्रती खपलेली ही कृष्णवर्णीय लेखिकेची पहिली कादंबरी, आणि तरी राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन अशी त्रयी सांगताना पेट्रीचं नाव गळतं.

एलिसनची ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) आणि बाल्डविनचं ‘द फायर नेक्स्ट टाइम’ (१९६३) यांना माझ्या शिफारशीची गरज नाही. सत्तरच्या दशकात जे घडलं ते मात्र नुसत्या पुस्तकांच्या यादीतून दिसत नाही. टोनी मॉरिसन ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) लिहीत होती, त्याच काळात रँडम हाउसमध्ये संपादक म्हणून गेल जोन्स, टोनी केड बंबारा, अँजेला डेव्हिस यांची पुस्तकं काढत होती. लेखिकाच संपादकाच्या खुर्चीत बसली, वॉकरसारखी दुसरी जुन्यांचा शोध घेऊ लागली, आणि हरवलेली पुस्तकं परत येऊ लागली. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तीही ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ लिहून मराठी वाचकाला या लेखकांची ओळख करून दिली.

ऐंशीच्या दशकासाठी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ (१९८७) घ्यावी. मार्गारेट गार्नर या पळून आलेल्या बाईने १८५६ साली, पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून स्वतःच्या मुलीला मारलं. त्या घटनेतून ही कादंबरी आली. मॉरिसनना ना नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं होतं, ना पुलित्झर. म्हणून १९८८च्या जानेवारीत अठ्ठेचाळीस कृष्णवर्णीय लेखकांनी जाहीर निवेदन काढलं. त्याच वर्षी पुलित्झर आलं, १९९३ साली नोबेल. एवढ्या मोठ्या लेखिकेसाठीही सहकाऱ्यांना आवाज उठवावा लागला.

असा संकल्प करायचा असेल तर डग्लसपासून क्रमाने जाण्याची सक्ती नाही. ‘द स्ट्रीट’पासून सुरुवात करा, मग मागे हर्स्टनकडे आणि जेकब्जकडे जा. प्रत्येक पुस्तकाची दोन्ही सालं लिहून ठेवा. आणि आपल्या ग्रंथालयात ही पुस्तकं नसतील तर मागणीच्या वहीत त्यांची नावं जरूर नोंदवा.