किन्सायच्या रस्त्यांवरून

इटलीतील व्हेनिस शहराचा मार्को पोलो इ. स. १२७१ मध्ये आपल्या वडिलांबरोबर आणि चुलत्याबरोबर पूर्वेच्या प्रवासास निघाला. त्या वेळी तो अवघा सतरा वर्षांचा होता. डोंगर व वाळवंटे ओलांडीत हे तिघे इ. स. १२७५ च्या सुमारास मंगोल सम्राट कुब्लाईखान याच्या दरबारी पोहोचले. पुढे अनेक वर्षे आपण सम्राटाच्या चाकरीत होतो, असे मार्को सांगतो. त्या काळात पाहिलेल्या चिनी नगरांपैकी एक त्याच्या मनात विशेष भरले. त्याला तो ‘किन्साय’ म्हणतो. तेच आजचे हांगचौ शहर होय.

किन्साय म्हणजे ‘स्वर्गनगरी’, असा अर्थ मार्को देतो. हा अर्थ त्याला कोणी सांगितला, कोण जाणे! ‘सम्राटाचा तात्पुरता मुक्काम’ अशा अर्थाच्या एका चिनी शब्दाचे हे बदललेले रूप असावे, असे अभ्यासक मानतात. उत्तरेचा प्रदेश शत्रूने जिंकल्यावर सुंग घराण्याच्या राजांनी येथे आपले ठाणे वसविले होते. एक दिवस आपण परत जाऊ, ही आशा त्या नावात होती. ती फळास आली नाही. इ. स. १२७६ मध्ये हे शहरही कुब्लाईखानाच्या सैन्यास शरण गेले. मार्को या शहरात वावरला तो त्यानंतर, आणि जेत्या सम्राटाच्या पदरचा माणूस म्हणून. त्याच्या पाठोपाठ आपणही आता शहरात शिरू. परंतु ही गोष्ट विसरून चालणार नाही.

शहरात जिकडे तिकडे पाणी होते. एका अंगास मोठी नदी, दुसऱ्या अंगास विस्तीर्ण सरोवर आणि मध्ये कालव्यांचे जाळे. मार्को स्वतः कालव्यांच्या व्हेनिसचा. तरीही येथील पूल पाहून तो थक्क झाला. पुलांची संख्या त्याने १२,००० सांगितली आहे. ही अतिशयोक्ती होय. पूल शेकड्यांनी होते, हजारांनी नव्हते. मात्र त्यांपैकी काहींच्या कमानी इतक्या उंच होत्या की, शिडाचे गलबत खालून जाई आणि त्याच वेळी वरून गाड्या धावत, हे त्याचे वर्णन अगदी डोळ्यांपुढे उभे राहते.

मुख्य रस्ता शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंस दगड-विटांची दहा दहा पावले रुंद फरसबंदी होती. मधल्या पट्ट्यात बारीक खडी पसरलेली असे व पावसाचे पाणी तिच्याखालील मोऱ्यांतून कालव्यांत वाहून जाई. त्यामुळे पावसातही चिखल होत नसे. त्या काळी युरोपातील कितीतरी शहरांत लोक पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखलात चालत. मग या खडीचे आणि मोऱ्यांचे मार्कोला एवढे कौतुक वाटले, यात नवल ते काय? या रस्त्यावरून झाकलेल्या लांब गाड्या सतत ये-जा करीत. त्यांत रेशमी गाद्या असत आणि सहा माणसे ऐसपैस बसत.

शहरात दहा मोठे बाजार होते. बाजाराच्या दिवशी एकेका बाजारात चाळीस-पन्नास हजार माणसे जमत, असे मार्को म्हणतो. हरणे, ससे, तितर, बदके. पिवळी व पांढरी पीच फळे. दहा दहा पौंड वजनाच्या नासपती. समुद्रातून नदीच्या वाटेने रोज येणारी मासळी. एवढे मासे खपतील तरी कसे, असे पाहणाराला वाटे, आणि काही तासांत सारे संपून जाई! मिऱ्यांचा खप तर रोज ४३ ओझी होता आणि प्रत्येक ओझे २२३ पौंडांचे. हा आकडा आपणास जकातीच्या एका अधिकाऱ्याकडून कळला, असे मार्को नमूद करतो. म्हणूनच पुलांच्या आकड्यापेक्षा हा अधिक विश्वासार्ह वाटतो. मिरी पिकविणाऱ्या आपल्या मलबारचे वर्णनही त्याच्या ग्रंथात आहे. इतकेच नव्हे, तर आपल्या ठाण्याच्या चामड्याच्या व सुती कापडाच्या व्यापाराचाही त्यात उल्लेख आहे.

रात्र पडली की शहराचे रूप पालटे. मोठ्या पुलांवर दहा दहा पहारेकरी असत. पाच दिवसा व पाच रात्री. प्रत्येक तासाला ते लाकडी व धातूच्या वाद्यावर तितके ठोके देत. दिवे मालवण्याच्या वेळेनंतर कोणाच्या घरी उजेड दिसला, तर ते दारावर खूण करीत आणि सकाळी घरधन्यास अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागे. घरे बहुधा लाकडी असल्यामुळे आगीचे भय फार होते. आग लागताच आसपासच्या पुलांवरचे पहारेकरी धावून येत आणि लोकांचे सामान दगडी बुरुजांत सुरक्षित ठेवीत. शिवाय प्रत्येक घराच्या दारावर आतील सर्व माणसांची नावे लिहिलेली असत. मूल जन्मले की नाव वाढे. कोणी वारले की पुसले जाई.

ही व्यवस्था मार्कोला फार आवडली. सम्राटाला आपली प्रजा किती, हे घरबसल्या कळते, असे तो सांगतो. दाराच्या आत बसलेल्या माणसाला काय वाटत होते? त्याचेही उत्तर नकळत त्याच्याच वर्णनात आले आहे. येथील लोक स्वभावाने शांत असून शेजाऱ्यांशी एका कुटुंबासारखे वागतात, परदेशी व्यापाऱ्यांचे आदराने स्वागत करतात. परंतु खानाचे सैनिक त्यांच्या डोळ्यांना खपत नाहीत, असे त्याने म्हटले आहे. आपले राजे गेले ते या सैनिकांमुळे, ही सल त्यांच्या मनात होती.

मार्को इ. स. १२९५ मध्ये व्हेनिसला परतला. पुढे जिनोआच्या तुरुंगात असताना त्याने आपली हकीकत एका सोबत्याकडून लिहवून घेतली. ती अनेकांना खरी वाटेना. आजचे वाचक दुसऱ्याच गोष्टीने चकित होतात. किन्सायच्या रस्त्यांवर चहाची दुकाने पुष्कळ होती. ऋतूप्रमाणे फुलांनी सजविलेल्या व चित्रे टांगलेल्या त्या दुकानांचे वर्णन तेथील वू त्झू-मू या लेखकाने केले आहे. मार्को चहाचे नावही काढीत नाही. या शहरात छापलेले ग्रंथ साऱ्या चीनमध्ये नावाजलेले होते. युरोपात छापील पुस्तके निघू लागण्यास अजून सुमारे दीडशे वर्षे होती. त्यांविषयीही तो मुका आहे. खानाच्या कागदी नाण्याचे वर्णन मात्र त्याने मोठ्या बारकाईने केले आहे. तुतीच्या सालीपासून त्याचा कागद कसा करतात, त्यावर अधिकारी तांबडी मुद्रा कशी उमटवतात, हे सारे तो सांगतो. त्याच कागदावरील अक्षरे लाकडी ठशांनी छापता येतात आणि हवी तितकी पुन्हा छापता येतात, हे मात्र त्याने कोठेच लिहिलेले नाही.