खुर्चीतली पाच मिनिटे

जून उजाडला की यवतमाळ जिल्ह्यातल्या बँकांसमोर पीककर्जासाठी रांगा लागतात. काउंटरमागच्या माणसाची मान संध्याकाळपर्यंत दगडासारखी होते. तलाठ्याची, एसटीच्या वाहकाची गतही निराळी नसते. याच महिन्यात, 21 जूनला, योगदिन येतो. तो एका सकाळपुरता साजरा करून सतरंज्या गुंडाळून ठेवल्या जातात, याचे वाईट वाटते.

आयुष मंत्रालयाने 2021 साली 'वाय-ब्रेक' हे मोबाईल अ‍ॅप आणले, ते नेमके कामाच्या जागेसाठी. पाच मिनिटांचा क्रम: ताडासन, खांदे फिरवणे, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, मग नाडीशोधन, भ्रामरी आणि थोडे ध्यान. सतरंजी लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत.

यातला श्वासाचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ताणात श्वास उथळ होतो, छातीतल्या छातीत अडकतो. आत घेतलेल्या श्वासापेक्षा बाहेर सोडलेला श्वास लांबवला, की मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस अधिक काम करू लागते आणि हृदयाचे ठोके मंदावतात. भ्रामरीत गुणगुणताना उच्छ्वास आपोआपच लांबतो. असे परिणाम तपासणे नवे नाही; लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली होती.

पाठदुखी, चक्कर किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर अर्धचक्रासनात मागे वाकण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि अपुरी माणसे, रिकामी पदे हा ताण आसनांनी हटत नाही. तो साहेबांपुढेच मांडावा लागतो.