मुलांचे छापखाने

मुद्रण हा दीर्घकाळ मातब्बर कारखानदारांचा मक्ता होता. जड लोखंडी यंत्र, खिळ्यांनी भरलेली घोडी आणि वर्षानुवर्षे उमेदवारी केलेले जुळारी यांवाचून चार ओळीही कागदावर उतरत नसत. तो मक्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शाळकरी मुलांनी पुष्कळच सैल केला, आणि त्यास निमित्त झाली टेबलावर मावणारी छापयंत्रे. बोस्टनच्या बेंजामिन वुड्सने 1867च्या सुमारास आपले 'नॉव्हेल्टी' यंत्र बाजारात आणले. 1869 मध्ये त्याच शहरात गोल्डिंगची पेढी निघाली. आणि 1872 मध्ये कनेक्टिकटमधील मेरिडेन येथे केल्सी याने ज्या कंपनीचा पाया घातला, तिच्या 'एक्सेल्सियर' यंत्राच्या जाहिराती मुलांच्या नियतकालिकांतून झळकू लागल्या. पत्रिकेएवढे कार्ड छापणारे सर्वांत लहान यंत्र तीन डॉलरांना मिळे.

खिळे जुळवून चौकटीत घट्ट आवळावेत, त्यांवर शाईचा रूळ फिरवावा आणि दांडा दाबावा, म्हणजे कागद धरलेली पाटी मजकुरावर येऊन टेकते, एवढीच त्याची करामत. महाग यंत्रांत रूळ दांड्याबरोबर आपोआप फिरत. सव्वीस अक्षरांच्या लिपीला हे परवडले. जोडाक्षरे व मात्रा यांपायी शेकडो खिळे बाळगणाऱ्या आपल्या देवनागरीचा संसार एखाद्या मुलाच्या खोलीत मावणे कठीणच होते.

भेटकार्डांवर हात बसताच मुले वृत्तपत्रांकडे वळली, आणि टपालाने परस्परांच्या अंकांची देवघेव करता करता त्यांच्यात वादविवादांची एवढी धुमाळी माजली की, 1876 मध्ये फिलाडेल्फियात त्यांची राष्ट्रीय संघटनाच उभी राहिली. पुढे 1879च्या टपाल कायद्याने फुकट अथवा नाममात्र किमतीत वाटल्या जाणाऱ्या पत्रांना सवलतीचा दर नाकारला आणि या चिमुकल्या संपादकांस सरकारी दफ्तराची पहिली ओळख झाली.

या छंदाची सर्वांत मौजेची हकिकत मात्र स्वित्झर्लंडमधली आहे. क्षयाच्या शंकेने दावोसच्या थंडीत मुक्काम ठोकलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न याच्यापाशी असेच एक छोटे यंत्र होते. तेव्हा तेरा वर्षांच्या या मुद्रकासाठी स्टीव्हन्सनने स्वतः कविता लिहिल्या, 'मॉरल एम्ब्लेम्स' या 1882च्या पुस्तिकेसाठी लाकडात चित्रे कोरली, आणि प्रकाशक म्हणून नाव छापले गेले ते लॉइडच्या 'कंपनी'चे.