बोटीच्या दंतपेटीतील बेअरिंगचा पूर्वदाब

नदीकाठच्या व खाडीकाठच्या गावांना यंत्रबोट ही आता केवळ सोयीची वस्तू राहिलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आलेल्या महापुराने हे ठळकपणे दाखवून दिले. भर प्रवाहात पंखा थांबला तर बोटीतील सर्वांचेच प्राण संकटात येतात. म्हणून पंख्याला गती देणाऱ्या दंतपेटीच्या फेरजुळणीतील एक नाजूक बाब समजून घेणे अगत्याचे आहे.

दंतपेटीची रचना

स्टर्नड्राइव्ह पद्धतीत इंजिन बोटीच्या आत, पिछाडीला असते. दंतपेटी मात्र बाहेर पाण्यात असते. तिच्यातील उभ्या शाफ्टची गती तिरप्या दातांच्या चक्रांमार्फत पंख्याच्या आडव्या शाफ्टला मिळते. आउटबोर्ड यंत्रातही तत्त्व हेच. शाफ्टवर आडवा भार आणि लांबीच्या दिशेने रेटा असे दोन्ही येत असल्याने अनेक दंतपेट्यांत निमुळत्या रोलरची बेअरिंगे वापरतात.

ही बेअरिंगे बसविताना मुद्दाम थोडा दाब देऊन ठेवावा लागतो. हाच पूर्वदाब. तो कमी पडला तर शाफ्ट मागेपुढे सरकतो, दात नीट जुळत नाहीत व झिजतात. तो अधिक झाला तर बेअरिंग तापते, तेलाचा थर तुटतो आणि रोलर खराब होतात.

मोजणी

बेअरिंगला तेल लावून शाफ्ट काही फेरे फिरवावा, म्हणजे रोलर जागी बसतात. नंतर लहान मापाच्या टॉर्क पान्याने शाफ्ट सावकाश, एकसारखा फिरवीत माप घ्यावे. सुरुवातीच्या झटक्याचे माप धरू नये. सीलचे घर्षणही मापात मिसळते. म्हणून माप सीलसह घ्यावयाचे की सीलविना, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. नव्या व वापरलेल्या बेअरिंगांचे आकडेही सहसा निराळे असतात. माप चुकल्यास रचनेनुसार शिम बदलून किंवा नट फिरवून ते दुरुस्त करतात. दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजावयाची ती यानंतरच. सैल बेअरिंगांवर घेतलेले ते माप विश्वसनीय नसते.

एककाकडे विशेष लक्ष हवे. १० इंच-पौंड म्हणजे सुमारे १.१३ न्यूटन-मीटर. इंच-पौंडाऐवजी फूट-पौंड धरल्यास पीळ बारा पट होतो व नवे बेअरिंगही वाया जाते.

दुरुस्तीचे देयक मंजूर करताना पुस्तिकेतील आकडा व प्रत्यक्ष माप यांची लेखी नोंद मागावी. पुढील तपासणीस तीच नोंद आधारभूत ठरेल.