हातातली बाजारपेठ – लेखांक तिसरा : खोके उघडण्यापूर्वीची निवड

स्मार्टफोनचा पडदा, ध्वनी आणि संदेशवहन ज्या मूलभूत प्रणालीच्या आधारे चालते, ती अँड्रॉइड नामक प्रणाली गूगलने यंत्रनिर्मात्यांना विनामूल्य का देऊ केली, याची चर्चा मागील लेखांकात झाली. जी वस्तू फुकट दिली जाते तिचे मोल दुसऱ्या वाटेने वसूल होत असते. ती वाट कोणती, तिच्यावर ताबा कोणाचा, आणि त्या ताब्याला मर्यादा घालण्याचा यत्न आपल्या देशात कसकसा झाला, हा या लेखांकाचा विषय आहे.

२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा सर्वांचे लक्ष त्या रकमेकडेच गेले. परंतु ते निकालपत्र जो सावकाश वाचील त्याला असे आढळेल की, गूगल आणि यंत्रनिर्माते यांच्यामधील जे करारनामे ग्राहकाच्या दृष्टीस कधीही पडत नाहीत, त्यांची एकेक अट आयोगाने तेथे उलगडून तपासली आहे. आणि भारतातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक स्मार्टफोन ज्या प्रणालीवर चालतात तिच्याविषयीचे हे करारनामे असल्यामुळे, प्रस्तुत विषयाचे खरे मर्म दंडापेक्षा त्या अटींत शोधणे इष्ट ठरेल.

अँड्रॉइडची मूळ संहिता कोणालाही घेता येते. मात्र प्ले स्टोअर त्या संहितेत अंतर्भूत नाही. आणि ज्या फोनवर प्ले स्टोअर नाही, तो फोन आपल्याकडील दुकानदार मांडून तरी ठेवील काय? म्हणून निर्मात्याला गूगलशी वितरणाचा स्वतंत्र करार करणे प्राप्त होते. त्या करारात केवळ प्ले स्टोअर मागून भागत नसे; शोध, क्रोम, यूट्यूब, नकाशे, जीमेल असा सारा संच एकगठ्ठा घ्यावा लागे आणि शोधाची पट्टी मुख्य पडद्यावर ठेवावी लागे. दुसऱ्या करारनाम्यान्वये निर्मात्यावर असे बंधन येई की, अँड्रॉइडमध्ये कोणी स्वतंत्रपणे फेरबदल करून नवी प्रणाली सिद्ध केली असल्यास ती त्याने आपल्या यंत्रांवर चढवू नये. या दुसऱ्या अटीचा परिणाम सहजी ध्यानात येत नाही, म्हणून तो जरा स्पष्ट करतो. ॲमेझॉनने अँड्रॉइडच्याच संहितेवरून फायर ओएस ही आपली प्रणाली घडविली होती. ती घेऊन एखादे यंत्र काढावे असे एखाद्या मोठ्या निर्मात्याच्या मनात आले, तरी त्या एका यंत्रापायी त्याच्या इतर सर्व यंत्रांवरील प्ले स्टोअर धोक्यात येई. असा सौदा कोणता शहाणा व्यापारी करील? तिसऱ्या प्रकारचे करार उत्पन्नाच्या वाटणीचे होते, आणि त्यांत प्रतिस्पर्धी शोधयंत्रांस दूर ठेवण्याच्या बदल्यात निर्मात्यास जाहिरातींच्या मिळकतीतील हिस्सा मिळे.

ग्राहक आपल्या पसंतीने ॲप निवडतो, असे या वादात पुन्हा पुन्हा सांगितले जाते. माझे निवेदन असे आहे की, त्या निवडीचा मोठा भाग ग्राहकाने फोनचे खोके उघडण्यापूर्वी, किंबहुना तो फोन कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच, दुसऱ्या दोन पक्षांनी परस्पर उरकलेला असतो. पहिल्या पडद्यावर जे मांडलेले आहे तेच बहुतेक माणसे वापरतात. आणि हा त्यांचा आळस म्हणावा असेही नाही, कारण रोजच्या शंभर व्यवधानांत गुंतलेला मनुष्य आयत्या मिळालेल्या चांगल्या वस्तूला पर्याय शोधीत बसत नाही.

यावर असे उत्तर दिले जाते की, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरला वळसा घालून बाहेरूनही ॲप उतरविता येते. ते खरे आहे. पण ती वाट कशी आहे हे प्रत्यक्ष चालून पाहावे. संकेतस्थळावरून फाईल उतरवू लागताच ही फाईल अपायकारक असू शकेल असा इशारा येतो. तो ओलांडून फाईल उघडली, तर या स्रोताकडून अनोळखी ॲप घेण्याची आपल्या फोनला परवानगी नाही, असे सांगणारी चौकट उभी राहते. तेथून सेटिंग्जमध्ये जावे, एक खटका उजवीकडे सरकवावा. त्याच पानावर, यामुळे होणाऱ्या नुकसानीस आपण स्वतः जबाबदार आहात अशा आशयाचा मजकूर असतो. मागे परतून ‘इन्स्टॉल’ दाबावे, तर प्ले प्रोटेक्ट या गूगलच्या सुरक्षाप्रणालीची तपासणी पुढे येते. यांतील प्रत्येक पायरीचे स्वतंत्रपणे समर्थन करता येईल. परंतु सर्व पायऱ्या मिळून ज्या गृहिणीला वा वृद्ध शिक्षकाला या वाटेने जायचे आहे, त्यांच्या मनात आपण काही गैर करीत आहोत अशी धास्ती उत्पन्न होते, आणि ते मागे फिरतात. आयफोनवर तर भारतीय ग्राहकास एवढीही वाट उपलब्ध नाही.

मुंबईत इंडस ओएस नावाचा एक उद्योग आयआयटीतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी उभा केला होता. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत फोन वापरता यावा व आपल्या भाषेतच ॲपे शोधता यावीत, असा त्यांचा हेतू होता, आणि देशी बनावटीच्या स्वस्त फोनांवर त्यांची प्रणाली काही काळ चाललीही. पुढे तो उद्योग फोनपेने घेतला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर या नावाने बारा भारतीय भाषांतील ॲप-दालन सुरू झाले, त्यात आपली मराठीही आहे. मराठीतून ॲप शोधण्याची अशी सोय हवी असणारे लोक या राज्यात विपुल आहेत. परंतु ज्या दालनाला प्ले स्टोअरमध्ये प्रवेश नाही, त्याला ग्राहकापर्यंत पोहोचण्यास दोनच मार्ग उरतात : निर्मात्यांची मनधरणी करून कारखान्यातच आपली जागा मिळविणे, किंवा वर वर्णन केलेल्या धास्तीच्या वाटेने ग्राहकाला बोलावणे.

आता पैशाकडे वळू. ॲपलने १० जुलै २००८ रोजी आपले ॲप स्टोअर उघडले तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲपे होती, आणि विक्रीच्या रकमेतील ३० टक्के हिस्सा मालकाचा हे प्रमाण तेव्हापासूनच रूढ झाले. गूगलनेही तेच स्वीकारले. पुढे टीका वाढल्यावर दोघांनीही लहान उद्योजकांसाठी ते १५ टक्क्यांवर आणले. मराठी राज्यात पेठ वसविणाऱ्या शेटे-महाजनासही तिच्या उलाढालीतून हक्क-लाजिमे मिळत, आणि पेठ वसविण्याचे कष्ट व जोखीम पाहता ते वाजवीच होते. परंतु ते हक्क सनदेत नमूद असत, त्यांच्यात मन मानेल तशी वाढ करता येत नसे, आणि तंटा उपस्थित झाल्यास फिर्याद ऐकण्यास त्याच्याहून वरिष्ठ असा कोणी असे. ॲप-दालनाच्या मालकाला आपल्या श्रमाचा मोबदला मिळू नये असे कोणीही म्हणत नाही. आक्षेप असा आहे की दर तोच ठरवितो, दर न देणाऱ्यास तोच बाहेर काढतो, आणि काढलेल्याची दाद ऐकणाराही तोच असतो.

याच प्रश्नावर स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी दुसरा निकाल दिला आणि ९३६.४४ कोटींचा दंड केला, कारण ॲपमधील डिजिटल विक्रीसाठी गूगलचीच देयकप्रणाली वापरण्याची सक्ती त्यास अन्याय्य वाटली. अपिलात, मार्च २०२५ मध्ये, राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने हा दंड २१६.६९ कोटींवर आणला. मधल्या काळात गूगलने दुसरी देयकप्रणाली वापरण्यास मुभा दिली, तथापि तशी ती वापरल्यास शुल्क केवळ चार टक्क्यांनी घटते, म्हणजे तिसाचे सव्वीस आणि पंधराचे अकरा होते. दुसऱ्या देयकप्रणालीचा खर्च उद्योजकाला पदरचा करावा लागत असल्याने, बचत म्हणून त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

१ मार्च २०२४ रोजी याच शुल्काच्या वादातून भारत मॅट्रिमनी, नोकरी, शादी डॉट कॉम, ९९एकर्स यांसारखी अनेक भारतीय ॲपे प्ले स्टोअरमधून काढून टाकण्यात आली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी हस्तक्षेप केला, चर्चा झाली, आणि काही दिवसांतच ॲपे परत आली. त्या प्रसंगी अनेकांना समाधान वाटले. मला मात्र ती घटना चिंताजनक वाटते. मोठ्या व नामांकित उद्योगांसाठी मंत्र्याचे दार उघडते. अमरावतीच्या किंवा लातूरच्या दोघा-तिघा तरुणांनी घडविलेले ॲप अशाच रीतीने निघाले, तर त्यांनी कोणाकडे जावे? न्याय मिळण्यासाठी वजनदार असावे लागत असेल, तर त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

या शुल्काची झळ ग्राहकाला कशी लागते हे ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या ॲपच्या उदाहरणावरून उमगेल. आयफोनवरील किंडल ॲपात वाचकाला पुस्तक दिसे, त्याचा नमुना वाचता येई, परंतु ते विकत घेण्याचे बटण कोठेही नसे, आणि ते अन्यत्र कोठे मिळेल हे सांगणारा दुवासुद्धा नसे. ॲमेझॉनला विक्रीतील हिस्सा द्यावयाचा नव्हता आणि ॲपलच्या नियमांनुसार बाहेरची वाट दाखविण्यास मनाई होती. अमेरिकेत एपिक गेम्स या खेळ-निर्मात्या कंपनीने ॲपलविरुद्ध लढविलेल्या खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलने न्यायालयाच्या आदेशाचा अवमान केल्याचा निर्णय दिला, आणि लगेच पुढच्याच महिन्यात तेथील किंडलमध्ये संकेतस्थळाकडे नेणारे बटण अवतरले. एवढ्याशा बटणासाठी ऑगस्ट २०२० पासून चाललेला खटला लढवावा लागला.

दुसऱ्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा सुरक्षेचा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या आरंभीच्या दोन महिन्यांचा धांडोळा घेतला, तेव्हा ऐंशीहून अधिक ॲप-दालनांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲपे आढळली आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा निघाली. या ॲपांनी फोनमधील नातलगांचे क्रमांक व छायाचित्रे ताब्यात घेऊन, चार-पाच हजारांच्या कर्जापायी सामान्य माणसांची जी विटंबना केली, ती ज्याने जवळून पाहिली असेल त्याला सैल दारांचे भय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हेही नमूद केले पाहिजे की एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या अवधीत खुद्द प्ले स्टोअरमधून अशी २,५०० हून अधिक ॲपे गूगलला काढून टाकावी लागली. बंद दाराआड हे भक्षक शिरले होतेच. तेव्हा तपासणी हवी, कडक हवी, आणि ती प्रत्येक दालनावर कायद्याने लादलेली हवी. मात्र ज्याचा स्वतःचा व्यापार त्याच आवारात चालतो, त्याच्या एकट्याच्या मुखत्यारीवर ती सोपविली म्हणजे ग्राहक निर्धास्त झाला, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अँड्रॉइडविषयीच्या पहिल्या निकालाचे पुढे काय झाले, ते आता पाहू. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती नाकारली, आणि त्यानंतर गूगलने जाहीर केले की निर्मात्यांना आपली ॲपे सुटी-सुटी घेता येतील व ग्राहकाला पहिल्या जोडणीच्या वेळीच शोधयंत्र निवडता येईल. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाच्या दहा निर्देशांपैकी चार रद्द ठरविले. रद्द झालेल्यांत, प्रतिस्पर्धी दालनांना प्ले स्टोअरमधून वितरित होऊ द्यावे, बाहेरून ॲप घेण्यावरील निर्बंध दूर करावेत, आणि आधीपासून भरलेली गूगलची ॲपे ग्राहकाला काढून टाकता यावीत, हे तीन निर्देश होते. म्हणजे ग्राहकाच्या बोटाशी ज्यांचा सर्वांत निकटचा संबंध, नेमकी तीच कलमे गळाली. आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्रावरील नको असलेली वस्तू काढून टाकण्याचा अधिकार ग्राहकाला नसावा, तिला केवळ निष्क्रिय करून तिने व्यापलेली जागा तशीच सोडावी लागावी, हे मला आजही पटत नाही. उभय पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले.

तारखा एकापुढे एक मांडल्या म्हणजे या प्रक्रियेची गती कळते. तक्रार २०१८ ची, चौकशीचा आदेश एप्रिल २०१९ चा, निकाल २०२२ च्या अखेरचा, अपिलावरील निर्णय २०२३ चा. एवढ्या अवधीत अनेक नव्या उद्योगांचा आरंभ होऊन शेवटही होतो. प्रचलित स्पर्धा कायद्याची रचनाच अशी आहे की अपकृत्य घडावे, ते सिद्ध व्हावे, आणि मग शासन व्हावे. उलटपक्षी खोके उघडण्यापूर्वी होणाऱ्या निवडीला आळा घालावयाचा तर नियमही खोके उघडण्यापूर्वीच लागू असले पाहिजेत. जयंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये हीच शिफारस केली, आणि मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला. उलाढाल आणि वापरकर्त्यांची संख्या यांच्या ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या उद्योगांना विशेष महत्त्वाचे म्हणून घोषित करावे, आणि त्यांनी स्वतःच्या सेवांना झुकते माप देणे, एका सेवेसोबत दुसरी गळ्यात बांधणे, ग्राहकाला बाहेरची वाट दाखविण्यास मनाई करणे या गोष्टी मुळातच निषिद्ध असाव्यात, अशी त्याची योजना आहे. भंग झाल्यास जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

या मर्यादा देशी उद्योगांच्या वाढीलाही अडथळा होतील अशी हरकत काही भारतीय उद्योजकांनीच घेतली, आणि ती प्रामाणिक आहे. तिचे निवारण मर्यादांचे आकडे नीट ठरवून होण्याजोगे आहे. त्यासाठी मसुदाच बासनात ठेवण्याचे कारण मला दिसत नाही, आणि तो अजून कायद्याच्या रूपात आलेला नाही याची खंत वाटते. युरोपीय संघाने असाच कायदा करून ७ मार्च २०२४ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी मागितली. तेथील आयफोनवर प्रथमच दुसरी ॲप-दालने उघडली, आणि ॲपलने त्यांवर नव्या शुल्काची आकारणी कोणत्या रीतीने केली, ते पुढील लेखांकात पाहू.